मंगळावरची पोरं, पाचगणीतली पोरं

रे ब्रॅडबरीची १९४९ सालची एक कथा आहे. (स्पॉयलर अलर्ट: खाली सगळी कथा फोडणार आहे. पंचाहत्तर वर्षांत वाचली नसेल तर आता तक्रार करायची नाही :) )

पृथ्वीवरून काही कुटुंबं मंगळावर राहायला जातात. त्यातलंच एक बिटरिंग कुटुंब, नवरा-बायको आणि मुलं. थोड्याच दिवसांत पृथ्वीवर युद्ध पेटतं, यानं यायची बंद होतात आणि ही मंडळी तिथेच अडकतात. मग बागेतली फुलं-भाज्या वेगळ्या दिसायला लागतात. माणसांच्या डोळ्यांत सोनेरी छटा उतरते. बाप हबकतो आणि एकटाच परतीचं यान बांधायला घेतो. एक दिवस कालव्यात पोहताना मुलगा त्याला सांगतो की मला डॅन म्हणू नका, माझं नाव आता लिनल. पाच वर्षांनी पृथ्वीवरून यान येतं तेव्हा वस्तीत कोणीच नसतं. डोंगरात सावळ्या रंगाचे, सोनेरी डोळ्यांचे ‘मंगळवासी’ तेवढे राहत असतात. आणि नवा कॅप्टन काय करतो? समोरच्या डोंगरांना नवीन नावं ठेवायचं काम काढतो.

सायफायमध्ये या जातीच्या कथा बऱ्याच आहेत. ग्रह बदलतो, परग्रहवासी बदलतात, पण प्रश्न तोच: वसाहत करायला गेलेल्या माणसांची तिथेच वाढलेली मुलं नक्की कोणाची? आईबापांची की त्या ग्रहाची?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न मंगळावर सुचलेला नाही. तो सुचला हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बंगल्यांत, मागच्या व्हरांड्यात. आणि त्या प्रश्नाच्या धास्तीने जी गावं वाढली त्यातलं एक आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. आपण तिथे स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो.

पाचगणी!

पण आधी महाबळेश्वर. १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बाजारपेठेला नाव पडलं माल्कम पेठ. मग ब्रॅडबरीच्या कॅप्टनचाच कारभार सुरू झाला. माल्कमच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट आला. एल्फिन्स्टन पॉइंट आला. पुढे शंभरेक वर्षांनी सिंदोळ्याच्या टेकडीचा विल्सन पॉइंट झाला. आजही टॅक्सीवाले हीच नावं घेऊन गिऱ्हाईक बोलावतात.

महाबळेश्वरची अडचण एकच, पाऊस. वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. पावसाळा आला की साहेब लोक गाशा गुंडाळून खाली उतरायचे. बारा महिने राहता येईल अशी थंड जागा हवी होती. ती पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, सुमारे १३०० मीटर उंचीवर सापडली. तिथे पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या अधिकाऱ्याने ही वस्ती वसवली आणि सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं आणून लावली. सायफायच्या भाषेत याला टेराफॉर्मिंग म्हणतात. :)

झाडांपाठोपाठ शाळा आल्या. आजच्या किमिन्स आणि सेंट पीटर्स या मूळ युरोपियन मुलांसाठी निघालेल्या शाळा. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५चं. नंतर पारशी, हिंदू, मुसलमान समाजांच्या शाळाही आल्या आणि पाचगणी म्हणजे बोर्डिंग हे समीकरण पक्कं झालं. पण सुरुवात ‘त्यांच्या’ मुलांपासून झाली. का?

वरवरचं उत्तर म्हणजे हवा. खालच्या उन्हात गोरं मूल खुरटतं, अशी त्या काळच्या डॉक्टरांची खात्री होती. कॉलरा आणि हिवताप यांची भीती तर खरीच होती. पण तब्येतीइतकीच मोठी दुसरी भीती होती. साहेबाचं मूल दिवसभर असायचं आयाच्या कडेवर. घास तिच्या हातून, अंगाई तिच्या भाषेत, गोष्टी तिच्या देवांच्या. आईबाप भेटणार संध्याकाळी, तेही कपडे बदलून, केस विंचरून. अशा मुलाच्या तोंडी पहिली वाक्यं कोणत्या भाषेत येणार हे सांगायला नको. आया मुलाला झोपवायला अफू चारते असा संशय होता. नोकर मुलांचे नको तेवढे लाड करतात अशी तक्रार होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलाच्या इंग्रजीला ‘देशी’ हेल लागेल. या हेलाला त्यांच्यात चेष्टेने ‘चीची’ म्हणत. तो हेल लागला की संपलं. मग कातडी कितीही गोरी असो, क्लबातली खुर्ची डळमळीत.

म्हणजे भीती निव्वळ संस्कृतीची नव्हती, हुकमतीची होती. मूठभर माणसं कोट्यवधींवर राज्य करतात ती ‘आम्ही वेगळे’ या एका गृहीतकावर. त्यांचीच मुलं इथल्यासारखी बोलायला, बसायला, जेवायला लागली तर ते गृहीतक घरातच कोसळतं. म्हणून ज्यांना परवडायचं ते मूल सहा-सात वर्षांचं झालं की बोटीत बसवून विलायतेला पाठवायचे. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाल्यावर हे आणखी सोपं झालं. ज्यांना परवडायचं नाही, म्हणजे रेल्वेतले, लहान हुद्द्यावरचे, त्यांच्यासाठी थंड हवेच्या शाळा. मंगळावरच्या कथांमध्ये काचेचा मोठा घुमट असतो ना, आत पृथ्वीची हवा भरलेला? पाचगणी हा तसा घुमट होता. आत इंग्रजी हवा.

*

या बोटीत बसवून पाठवलेल्या मुलांपैकी एक मुंबईचा होता. ३० डिसेंबर १८६५ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला, तिथल्या शिक्षकाचा मुलगा. नाव रुडयार्ड किपलिंग.

किपलिंगने शेवटच्या दिवसांत लिहिलेल्या आठवणी १९३७ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. त्यात मुंबईचं बालपण थोडक्यात पण फार जिवंतपणे आलंय. त्याची आया पोर्तुगीज रोमन कॅथलिक. ती रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थना करायची तेव्हा हा शेजारी उभा असायचा. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळात घेऊन जायचा. दुपारी गोष्टी आणि गाणी. मग कपडे घालून आईबापांसमोर पाठवताना नोकर बजावायचे, आता इंग्रजीत बोलायचं हं. आणि हा पोरगा ज्या देशी भाषेत विचार करायचा, स्वप्नं बघायची, तिचं मनातल्या मनात भाषांतर करत अडखळत इंग्रजी बोलायचा. इंग्रजी वाङ्मयातलं पुढचं एवढं मोठं नाव, आणि इंग्रजी त्याची दुसरी भाषा!

१८७१ मध्ये, सहावं वर्षही पूर्ण झालेलं नसताना, त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी नावाच्या गावात अनोळखी घरी ठेवून आईबाप परत आले. मुलांना काही न सांगता. तिथे त्याने सहाएक वर्षं काढली, आणि त्या घराचा राग पुढे आयुष्यभर त्याच्या लिखाणात राहिला. १८८२ साली सतरावं लागत असताना तो मुंबईला परतला. इथले वास, इथले आवाज कानानाकावर आदळले आणि त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्यं आपोआप बाहेर पडायला लागली. गंमत म्हणजे, की शोकांतिका म्हणजे, त्या वाक्यांचा अर्थ मात्र त्याला कळत नव्हता. भाषा हार्ड डिस्कवर शाबूत होती, पण ती वाचणारा प्रोग्रॅमच कोणीतरी अनइन्स्टॉल केला होता.

आता पुढची साखळी बघा. हा माणूस १८९४ साली ‘जंगल बुक’ लिहितो. माणसाचं मूल, लांडग्यांनी वाढवलेलं. जंगलाचा कायदा पाठ आणि माणसांत गेलं की उपरं. १९०१ साली ‘किम’ लिहितो. आयरिश सैनिकाचा पोर, लाहोरच्या बाजारात वाढलेला. दोन्ही पुस्तकांत एकच मुलगा आहे, आणि तो कोण हे सांगायची गरज नाही.

१९४८ साली अमेरिकेत रॉबर्ट हाइनलाइन नवीन कथेसाठी कल्पना शोधत होता. बायको व्हर्जिनियाने सुचवलं की मोगलीचीच गोष्ट घे, फक्त लांडग्यांच्या जागी मंगळवासी घाल. त्यातून १९६१ साली ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही कादंबरी आली. मंगळावर गेलेल्या माणसांचं मूल, मंगळवासीयांनी वाढवलेलं, मोठेपणी पृथ्वीवर आणलेलं. ‘ग्रॉक’ हा शब्द याच कादंबरीतला. लॉगस्टॅशचे ग्रॉक पॅटर्न लिहून ज्यांचे डोळे गेलेत त्यांनी, आणि त्या नावाचा चॅटबॉट वापरणाऱ्यांनीही, नोंद घ्यावी.

म्हणजे मंगळावर वाढलेल्या सर्वांत प्रसिद्ध पोराची वंशावळ थेट मुंबईतल्या एका आयापर्यंत जाते. तिचं नाव काय होतं? आठवणींत मीताचं नाव आहे, आयाचं नाही. ‘परग्रहवासी’ या शब्दामागे कधीकधी अशी पगारी बाई उभी असते. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने विलायतेला गेलेल्या अशा कितीतरी आयांना तिथे पोचल्यावर वाऱ्यावर सोडून दिलं जायचं. त्यांच्यासाठी लंडनच्या हॅकनी भागात एक ‘आयांचं घर’ चालायचं. २०२२ साली तिथल्या इमारतीवर निळी पाटी लागली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. इथल्या मातीत वाढून, इथल्या भाषेत स्वप्नं बघून किपलिंग आपला झाला का? नाही. १८९९ साली ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ मांडणारी कविता त्याचीच, आणि जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी जमवलेल्या निधीत पैसे घालणाराही तोच. दुसऱ्याची संस्कृती अंगात भिनली म्हणजे त्याला बरोबरीचं मानायची बुद्धी आपोआप येते असं नाही. ते वेगळं कमवावं लागतं.

*

कमावणारेही होते. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना अमेरिकन मिशन नवीन नाही. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आपल्याकडे घराघरात माहीत आहे. १८९०च्या दशकात डॉ. वानलेस यांनी उभं केलेलं. कोल्हापूर, सांगली, मिरज, वेंगुर्ले अशी या मिशनची ठाणी. मिशनरी कुटुंबं क्लबवाल्या साहेबांपेक्षा वेगळी होती. मोठ्यांना स्वतःलाच मराठी शिकून मराठीत प्रवचन द्यायचं असायचं, त्यामुळे मुलांना मराठीपासून तोडण्यात अर्थ नव्हता. तरी घुमट होताच. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये कोडाईकनालला शाळा निघाली.

या मुलांचं पुढे काय झालं बघा. कोल्हापूर मिशनच्या वाइल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १८६३चा, जन्म कोल्हापूरचाच. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता. रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९चा, वेंगुर्ल्याचा, आणि तारीख १५ ऑगस्ट! वडील मिशनचे डॉक्टर. पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेले, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ ते १९८० भारतातले अमेरिकेचे राजदूत म्हणून परत आले.

आणि माझा सगळ्यात आवडता, जस्टिन अॅबट. नगरकडच्या मिशनऱ्याचा मुलगा, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेला. शिकायला अमेरिकेत गेला, मिशनरी होऊनच परतला, ‘ज्ञानोदय’चा संपादक झाला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण निवृत्त होऊन न्यू जर्सीला गेल्यावर या माणसाने काय करावं? मराठी संतांवरच्या इंग्रजी पुस्तकांची मालिकाच काढली. १९२९ बहिणाबाई, १९३० तुकाराम, १९३२ साताऱ्याचे आपले रामदास. ज्यांचा धर्म बदलायला बाप आला होता, त्यांच्या संतांची चरित्रं मुलगा न्यू जर्सीत बसून इंग्रजीत उतरवतोय. १९३२ सालीच तो गेला. ब्रॅडबरीच्या कथेतला बाप असता तर म्हणाला असता, बघा, याचेही डोळे सोनेरी झाले!

अशा मुलांसाठी समाजशास्त्रात एक नाव आहे, ‘थर्ड कल्चर किड्स’. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये या मुलांची तिसरी. ही संज्ञा जॉन आणि रूथ युसीम या अमेरिकन दांपत्याची. ती त्यांना सुचली १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. म्हणजे प्रश्नही इथला आणि त्याचं नावही इथलंच.

पाचगणीच्या घुमटाचं पुढे काय झालं? साहेब गेले, शाळा राहिल्या. १९५५ साली सेंट पीटर्समध्ये आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. जन्म झांझिबारचा, वडील तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल. नाव फारुख बलसारा. शाळेत पियानो शिकला, पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. साहेबांच्या मुलांना इथली हवा लागू नये म्हणून उभारलेल्या घुमटातून बाहेर पडलेलं सर्वांत प्रसिद्ध पोर हे! असल्या इमारतींचा मूळ हेतू पन्नास वर्षंही टिकत नाही.

*

आता जरा घाट उतरून पूर्वेला या. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले खटाव, माण. हा दुष्काळी पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. तमिळनाडू, केरळ, आंध्र, अगदी उत्तरेपर्यंत, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत विट्याकडच्या माणसाची भट्टी सापडण्याची शक्यता दाट. (केमिकलवाल्यांसाठी: सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात दोन-तीन पट चांदी मिसळतात, मग नायट्रिक अॅसिडमध्ये चांदी आणि तांबं विरघळवून टाकतात. आधी भेसळ, मग शुद्धी!)

ही खरी आपली वसाहत. आणि हिची मुलं तिकडेच जन्मलेली, तिकडच्या शाळेत शिकलेली. इंजिनिअरिंगला आमच्या हॉस्टेलवर असाच एक होता. दहावीपर्यंत तमिळनाडूत. मराठी बोलायचा ते थेट आजीचं, ‘न्हाई’, ‘आन्‌’, ‘कालवान’ असलं, जे आमच्यातले सांगली शहरातले पुसून आले होते. देवनागरी वाचताना मात्र बोट ठेवायचा. फोनवर आईशी मराठी, बहिणीशी तमिळ. आणि व्हायव्हाच्या आधी घाईत काही मोजायचं असेल तर ओन्नु, रेंडु, मूणु. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला दरवर्षी सगळं कुटुंब गाडी करून येणार म्हणजे येणार. त्याला कोणीतरी विचारलं, तू नक्की कुठला रे? तो म्हणाला, “गाव विट्याकडं, घर तिकडं.”

तेव्हा यात काही विशेष वाटलं नव्हतं. किपलिंग वाचताना ते वाक्य आठवलं. इंग्रज साहेब ज्याला ‘होम’ म्हणायचे ती जागा त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांनी बघितलेलीही नसायची. पण शब्द एकच, त्यामुळे जागाही एकच असायला हवी होती. मग ती खरी ठरवायला मुलाला इथून उपटणं आलं. आपल्याकडे दोन शब्द आहेत, गाव आणि घर. दोन्ही एका जागी असायलाच हवेत असा नियम नाही. मुंबईतल्या प्रत्येक गिरणी कामगाराने हे सांभाळलं होतं.

अर्थात फरक शब्दांपुरता नाही. गलाईवाल्यांना तिकडे कोणावर राज्य करायचं नव्हतं. सोनाराशी त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय धंदाच होत नाही. हरवायला हुकमत नव्हती, म्हणून घुमटाची गरज पडली नाही. नुकसान होतंच. त्या मुलांपैकी कितीजण मराठी पुस्तक वाचत असतील? आणि त्यांची मुलं आजीशी काय बोलतील?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, कारण आता आपली पाळी आहे. माझ्या टीममधले निम्मे लोक ऑनसाइटला गेले ते तिकडचेच झाले. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, गणपती आहेत, ढोल-ताशा आहे. आणि कॉलवर हळूच येणारी तक्रार आहे, “अरे, पोरगा मराठीत विचारलं की इंग्रजीतच उत्तर देतो.” हे ऐकलं की मला यान बांधत बसलेला तो बाप दिसतो. त्याची भीती खोटी नाही. नातवाशी बोलता न येणारी आजी ही खरोखरची हानी आहे, आणि त्यासाठी रविवारी मराठी शाळेत पोरांना नेणारे माझे मित्र बरोबरच करतायत.

एवढंच की शाळा आणि घुमट यातला फरक बघायला हवा. शाळा मुलाला एक भाषा जास्तीची देते. घुमट त्याच्याकडे असलेली काढून घेतो. किपलिंगला मुंबईच्या धक्क्यावर स्वतःचीच वाक्यं कळली नाहीत, त्याचं कारण आया नव्हती. तिने भाषा दिली होती. कारण ती बोट होती.

असो. पुढच्या वेळी पाचगणीला गेलात तर टेबललँडवर घोडे आणि भेळ आहेच, पण बाजारातून खाली येताना ते जुने सिल्व्हर ओकही बघा. आता ते कोणाला परके वाटत नाहीत.